काकाजींच्या वावरातली तीन शिलावर्तुळं: वाचवायची तर कशी?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. इथे वाचायला रोज येते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव नागपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. गावाच्या पश्चिमेला मुरमाड बरड आहे. लहानपणी आम्ही तिथे गुरं घेऊन जायचो. त्या बरडावर काळ्या धोंड्यांची मोठाली रिंगणं होती, आणि रिंगणाच्या आत गोट्यांचा बसका उंचवटा. आजी म्हणायची, "गवळ्यायचे दगड आहेत ते, त्यायच्यावर पाय नाही ठेवा." पाय ठेवायचो नाही, पण रिंगणात लंगडी खेळायचो. एकदा मी आणि माझ्या भावाने मोजली होती. अकरा भरली.

कॉलेजात असताना नागपूरजवळच्या जुनापाणीला सहल गेली, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीशेजारी उभं राहून पहिल्यांदा कळलं की ही लोहयुगातली दफनं आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. आपण ज्यांच्या अंगणात खेळलो ती माणसं खाली निजलेली होती, हे ऐकून अंगावर काटा आला होता.

गेल्या दिवाळीत गावी गेले तर बरडावर घरांच्या प्लॉटांचं ले-आउट पडलेलं. जेसीबीने सगळं सपाट केलं आहे. अकरांपैकी आठ रिंगणं गेली. थोडे धोंडे कंपाउंडच्या पायात गेले आहेत. एक मोठा धोंडा कमानीजवळ उभा करून, पांढरा ऑइलपेंट मारून त्यावर लाल अक्षरांत प्लॉटचे नंबर लिहिले आहेत. जवळ गेले तर रंगाखाली खळगे दिसले, वाटीएवढे, दोन समांतर ओळींत. एका खळग्यात बोट घातलं. तिथे रंग साचून राहिला होता, अजून चिकट होता. बोट कितीतरी वेळ साडीच्या पदराला पुसत होते.

उरलेली तीन रिंगणं काकाजींच्या वावरात आहेत म्हणून उरली. काकाजींना म्हटलं, आपण सरकारला कळवू या. ते म्हणाले, "बाई, तू फोटो काढून पाठवशीन अन् माह्यं वावर सरकारजमा होईन. मंग मी कपाशी कुठं लावू, तुह्या नागपूरच्या गॅलरीत?"

त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पण ती तीन रिंगणंही जाताना मला बघायची नाहीत. काय करावं?

गोरेवाडा

वाचून जीव हळहळला. काटोल रस्त्याने रोज जातो मी. दहा वर्षांत दोन्ही बाजूंची बरडं बघता बघता प्लॉट झाली. त्यात किती रिंगणं गेली, कोणी मोजलीही नसतील.

सातबारा

ताई, आधी काकाजींची भीती बाजूला करू. तीस वर्षं महसुलात काढली आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

कळवल्याने जमीन सरकारजमा होत नाही. १९५८च्या केंद्राच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात स्मारक संरक्षित करायचं असेल तर आधी सूचना काढावी लागते, ती त्या जागेजवळ ठळक लावावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. काकाजींना तिथे बोलता येतं. संरक्षित झाल्यावरही मालकी मालकाकडेच राहू शकते, मालकाशी करार करून जतन करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

आणि हे काकाजींना मुद्दाम वाचून दाखवा: कलम १९. संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, सुरुंग, खोदकाम बंद. पण शेतीला मुभा आहे, जमीन एक फुटापेक्षा खोल खणायची नाही एवढीच अट. कपाशीची वखरणी, डवरणी त्यात सहज बसते.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर नवं बांधकाम नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. शेतात घर बांधायचा किंवा पुढे जमीन एनए (बिगरशेती) करून विकायचा विचार असेल तर फरक पडणारच. तो लपवून त्यांची संमती घेऊ नका.

धुरकरी

सातबारा साहेबांनी शेवटचा परिच्छेद लिहिला म्हणून बरं वाटलं. मी शेतकरी आहे, वर्धेकडचा. माझ्या वावरातही असं एक रिंगण होतं. माझ्या आज्याने त्याचे धोंडे उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकले, कारण बैलाचं औत अडायचं. त्याला दोष देणारे लोक भेटतात तेव्हा मला राग येतो. त्याला चार पोरं होती आणि पाच एकर कोरडवाहू.

शेजारच्या बरडाला आज प्लॉटचा भाव मिळतो. पऱ्हाटीताईंच्या काकांनी तो सोडायचा, आणि वारसा म्हणून टाळ्या आपण वाजवायच्या, हा कुठला न्याय? दगड सगळ्या देशाचे असतील तर त्यांचा खर्चही सगळ्या देशाने उचलावा.

मातीखालचं

धुरकरी, तुमच्या आजोबांना दोष देणारी मी नाही. पण धोंडे हलले म्हणजे काय जातं ते सांगू द्या. मी पुरातत्त्व शिकले आहे आणि उत्खननात हाताने माती काढली आहे.

बाहेरून दिसतं ते नुसतं कुंपण. आधी कडेने मोठे धोंडे लावायचे, मग आतल्या जागेत काळी चिकण माती, मुरूम, वर गोट्यांचा थर. बऱ्याचदा ती काळी माती त्या बरडावरची नसतेच, दुसरीकडून वाहून आणलेली असते. म्हणजे मुरमाड टेकाडावर कोणीतरी टोपल्या भरभरून माती आणून आपलं माणूस झाकलं. त्या थरात हाडं मोडक्या अवस्थेत सापडतात, काळी-तांबडी भांडी सापडतात, लोखंडी कुऱ्हाडी, भाले, तासण्या सापडतात. नागपूरजवळ माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शंकरराव देवांच्या उत्खननात घोड्याची हाडं आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला. माणसासोबत त्याचा घोडा पुरला होता, साजासकट! नायकुंडला १९७०च्या दशकाच्या शेवटी लोखंड वितळवायची भट्टीच सापडली. रामटेक-पारशिवनीच्या परिसरात आपले पूर्वज तेव्हा दगडातून लोखंड काढत होते.

हे सगळं कळलं कारण थर जागेवर होते. जेसीबीच्या एका फेऱ्यात थर एकमेकांत मिसळतात, मग भाला मिळाला तरी तो नुसता भंगारातला भाला.

म्हणून ताई, एक विनंती. रिंगणातली झुडपं 'साफ' करू नका, गोटे रचून 'नीट' करू नका, चुना मारू नका, मधे झाड लावू नका. काहीच न करणं हे आत्ता सगळ्यात मोठं काम आहे.

वांगीभात

घोडा साजासकट!! हे वाचून मी स्वयंपाकघरातून ओरडून घरच्यांना सांगितलं. मुलगा विचारतोय, घोड्याचं नाव काय होतं.

मातीखालचं

मुलाला सांगा, नाव त्यालाच ठेवायला मिळेल. लिहून ठेवणारं तेव्हा कोणी नव्हतं.

गोरेवाडा

आमच्याकडे दुसरा ताप म्हणजे गुप्तधन. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी रिंगणाच्या मधोमध खड्डा, बाजूला लिंबू आणि हळद-कुंकू. सोनं काही मिळत नाही, भांडी फुटतात. ही दफनं आहेत, तिजोऱ्या नाहीत, हे गावोगाव सांगितलं पाहिजे.

सातबारा

आणि तो गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासून आहे.

कृष्णाकाठ

मी हैदराबादेत असते, माहेर सोलापूर. आमच्या जवळचं उदाहरण सांगते, कारण ते उभ्या दगडांचंच आहे. तेलंगणात नारायणपेठ जिल्ह्यात मुडुमल म्हणून गाव आहे, कृष्णेच्या काठी. तिथे बारा-चौदा फूट उंच दगड रानात उभे आहेत, दाटीवाटीने. बाजूला लहान दगडांच्या ओळीच्या ओळी. संशोधक त्यांना सुमारे साडेतीन हजार वर्षांमागे नेतात. एका आडव्या दगडावर खळग्यांची अशी मांडणी आहे की सप्तर्षी ओळखू येतात. मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं.

मी गेले तेव्हा उन्हं कलली होती. दगडांच्या सावल्या एकमेकांवर पडून जमिनीवर जाळं झालं होतं, आणि एक बाई सावलीत बसून शेंगा सोलत होती. तिने मला गोष्ट सांगितली की ही शापाने दगड झालेली माणसं आहेत. तोडक्या तेलुगूत मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, आमचीच माणसं आहेत ना.

आजीच्या "पाय नाही ठेवा"मध्ये हेच आहे. ती एक ओळ जोवर गावात चालू होती तोवर अकराची अकरा रिंगणं होती. पाटी नंतरची.

देशावरचा

धाग्याशी थोडं अवांतर. आमच्या गावात (सातारा जिल्हा) मारुतीच्या देवळाबाहेर एक उभा दगड आहे. त्यावर घोडेस्वार, वर सूर्य-चंद्र. हा पण त्याच काळातला का?

मातीखालचं

नाही हो, तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड. तो त्यामानाने कालपरवाचा, बहुतेक यादवकाळाच्या आसपासचा. खालच्या चौकटीत लढाई आणि वरच्या चौकटीत शंकराच्या पिंडीची पूजा आहे का बघा. सूर्य-चंद्र म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. त्यालाही कृपा करून शेंदूर आणि ऑइलपेंटपासून वाचवा.

देशावरचा

बघून आलो. पिंड आहे! आजवर त्याला आम्ही चपला टेकवायचो. आजपासून बंद.

इंद्रावती

गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात शिक्षिका आहे. सगळे 'तीन हजार वर्षांपूर्वी' म्हणताहेत म्हणून लिहिते. इथे माडिया आदिवासी मेलेल्या माणसाच्या नावाने आजही दगड उभा करतात. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एकाशेजारी एक असे दगड दिसतात. काही जुने, शेवाळलेले, काही नवे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने बोट दाखवून मला सांगितलं, "हा माझा आजा." 'आज्याचा दगड' असं म्हणाला नाही.

त्यामुळे 'प्रागैतिहासिक' म्हणून फक्त जुन्यांवर पाटी लागली, आणि रस्ता रुंद करताना हे दगड मुरमासारखे ढकलले गेले, तर ते मला पटणार नाही. हे दगडही वारसाच आहेत, आणि त्यांचे मालक जिवंत आहेत. काहीही करायचं तर आधी त्यांना विचारा.

मातीखालचं

इंद्रावतीताई, शंभर टक्के. आणि हे शिकवतानाही विसरलं जातं. विदर्भातली रिंगणं बांधणारे आणि माडिया एकच, असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण दगड उभा करताना माणसाच्या मनात काय असतं हे आम्हाला तुमच्या विद्यार्थ्याकडूनच शिकायला हवं.

थेम्सकाठी

धुरकरी यांच्या प्रश्नावर लिहायचं आहे, खर्च कोणी उचलायचा यावर. इंग्लंडात राहून पंधरा वर्षं झाली.

सगळे स्टोनहेंजला जातात. मला त्याहून जवळचं वाटतं ते तिथून तासाभराच्या आत असलेलं एव्हबरी. दगडांचं रिंगण इतकं मोठं की अख्खं गाव त्यात आहे, रस्ता आहे, मेंढ्या चरतात. दगडाला हात लावता येतो, मेंढ्यांनी अंग घासून घासून खालची बाजू गुळगुळीत केली आहे. पण या गावानेच सतराव्या-अठराव्या शतकात दगड फोडले, घरं बांधायला. खाली जाळ करायचा, तापला की पाणी ओतायचं आणि घण घालायचा. अगदी धुरकरींच्या आज्यासारखी साधी शेतकरी माणसं.

मग झालं काय, तर लोकांनी जमीन विकत घेतली. १८७०च्या सुमारास तिथे घरांचे प्लॉट पडणार होते (हो, ले-आउटच!), तेव्हा जॉन लबक नावाच्या खासदाराने ती जमीनच घेतली, आणि पुढे १८८२ मध्ये त्याच्याच खटपटीने तिथला पहिला स्मारकांचा कायदा झाला. १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर किलरने पैसा ओतून पडलेले, पुरलेले दगड परत उभे केले. जे कायमचे गेले त्यांच्या जागी सिमेंटचे छोटे खुंट लावले. तुम्ही रिंगणातून चालता आणि मधेच दगडाऐवजी खुंट येतो. मला तिथे दर वेळी गलबलून येतं. पडलेल्या दातासारखी ती जागा दिसते.

म्हणजे मालकाला मोबदला देऊन वाचवणं हे तिकडेही करावंच लागलं. धुरकरींचं म्हणणं रास्त आहे.

धुरकरी

थेम्सकाठी, धन्यवाद. मनापासून. माझ्या आज्याला कोणी इतक्या आदराने कुठल्या गोष्टीत बसवलं नव्हतं.

गोरेवाडा

तारखांचा मेळ बघा. त्याच दशकात इकडे, १८७९ मध्ये, रिव्हेट-कारनॅक या साहेबाने जुनापाणीच्या दगडांवर आणि खळग्यांवर लिहिलं. हा मध्य प्रांतातला कापसाचा अधिकारी, पऱ्हाटीताई! कापूस बघायला आला आणि दगडांत रमला. त्याने काढलेल्या लोखंडी वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या. आणि फ्रान्समध्ये जिथे तीन हजारांवर उभे दगड आहेत त्या गावाचं नावही कारनॅकच. निव्वळ योगायोग, पण मला फार गोड वाटतो.

थेम्सकाठी

त्या फ्रान्सच्या कारनॅकमध्ये २०२३ ला एका दुकानाच्या बांधकामात ३९ छोटे उभे दगड गेले, मोठा गदारोळ झाला. ते दगड नेमके किती जुने यावरही वाद झाला, पण वाद करायला दगडच उरले नव्हते. दोन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, त्याच परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हा जेसीबी फक्त नागपूरलाच चालतो असं नाही.

कातळ

रत्नागिरीकर. आमच्याकडे उभे दगड नाहीत, आडवा कातळ आणि त्यावर कोरलेली चित्रं. २०२२ मध्ये तीही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती वाचायला सुरुवात यादीने झाली नाही. काही मंडळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पायी फिरली, गुराख्यांना विचारत एकेक चित्र शोधलं, जमिनीच्या मालकाच्या ओटीवर बसून चहा घेतला आणि मग नोंद केली. उक्षीला हत्तीच्या चित्राभोवती चिऱ्याचा गडगा घातला आहे. गावाला वाटलं की हे आपलं आहे, मग राखण आपोआप होते.

पऱ्हाटीताई, काकाजींना पटवायला जाऊ नका. त्यांना सोबत घेऊन रिंगण मोजायला जा. फरक पडतो.

सातबारा

कातळ यांना अनुमोदन. सोबत ग्रामसभेचा ठराव घ्या: गट नंबर, रिंगणांची संख्या, फोटो, आणि 'येथे उत्खनन व मुरूम काढण्यास मनाई असावी' एवढं वाक्य. त्याची प्रत जिल्हाधिकारी, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आणि केंद्राच्या पुरातत्त्व विभागाचं नागपूर मंडळ, तिघांना पोच घेऊन द्या. संरक्षण मिळेल तेव्हा मिळेल, पण उद्या कोणी 'इथे काही नव्हतंच' म्हणाला तर कागद बोलेल.

मातीखालचं

आणि तो रंगवलेला दगड. अॅसिड, वायरब्रश, थिनर काही लावू नका. रंग परवडला, खळगे झिजले तर परत येणार नाहीत. दगड कुठून उचलला हे कोणाला आठवत असेल तर ते लिहून घ्या, जेसीबीच्या चालकालाही विचारा.

पऱ्हाटी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशिराबद्दल माफी.

धागा छापून नेला आणि काकाजींना ओसरीत बसून वाचून दाखवला. कलम १९ त्यांनी दोनदा वाचायला लावलं. 'एक फूट' ऐकल्यावर म्हणाले, "मंग नांगर तं तसाही वितभरच जाते." १०० मीटरचंही सांगितलं, लपवलं नाही. त्यावर बराच वेळ बोलले नाहीत. धुरकरींचा प्रतिसाद ऐकून म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलते. याले माह्या रामराम सांग." रामराम, धुरकरी.

केंद्राकडे अर्ज करायला ते अजून तयार नाहीत, आणि मी रेटणार नाही. पण ग्रामसभेच्या ठरावाला त्यांनी स्वतः हात वर केला. ठराव झाला. सरपंचबाईंनी विचारलं, ले-आउटमधली आठ पण लिहायची का? मी म्हटलं, हो, 'होती' म्हणून लिहा. अकराचा आकडा कागदावर आला.

ले-आउटवाले दगड द्यायला तयार झाले. जेसीबीवाला आमच्याच गावचा मुलगा निघाला. त्याने बरडावर नेऊन जागा दाखवली, आता तिथे प्लॉट नंबर १४ आहे. ते लिहून घेतलं, फोटो काढले, मग ट्रॅक्टरने दगड शाळेच्या कडुलिंबाखाली आणला. रंग तसाच आहे. पोरं खळगे मोजतात आणि दर वेळी आकडा वेगळा येतो.

इंद्रावती

'होती' म्हणून लिहिलंत, फार बरं केलंत.

धुरकरी

काकाजींना माझाही रामराम. आज धुऱ्यावर जाऊन आज्याने टाकलेले धोंडे बघितले. सतरा आहेत. एकावर खळगे आहेत. पन्नास वर्षं त्याच्यावर बसून भाकर खाल्ली, कधी हात फिरवून पाहिलं नाही. मातीखालचं, फोटो पाठवू का?

मातीखालचं

आत्ता पाठवा! शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, खळगे उठून दिसतात.

कातळ

पऱ्हाटीताई, मोजलीत का रिंगणं? व्यास किती भरला?

पऱ्हाटी

मधलं सगळ्यात मोठं, अकरा मीटर. टेपचं दुसरं टोक काकाजींनी धरलं होतं. यंदा त्याच्या कडेने कपाशीच्या दोन ओळी कमी पेरणार म्हणतात.